बाराव्या दिवसाचा थेंब

आमच्या साडूंइतका शंकेखोर माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे तुम्ही-आम्ही पुस्तकात वाचून मान्य केलं. त्यांनी म्हणे लहानपणी महिनाभर पहाटे घराच्या धाब्यावर चढून खात्री करून घेतली होती, आणि तरीही कुणी विचारलं तर "आतापावेतो तरी तसंच दिसलं" एवढंच म्हणायचे. चिखलीच्या एका हायस्कुलात ते प्रयोगशाळेचं काम पाहत. काचेची भांडी, अ‍ॅसिडच्या बाटल्या आणि कपाटाच्या किल्ल्या हा त्यांचा संसार. घरी माझी थोरली मेव्हणी आणि एकुलती एक मुलगी कमल हा दुसरा. पण या दोन्ही संसारांहून त्यांचं जास्त प्रेम होतं ते चुकीवर. कुठलीही गोष्ट बरोबर आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की यांचे डोळे चमकायचे. मान जरा तिरपी करून ते हळूच विचारायचे, "बराबर हाय हो, पण दहातून चुकते किती?"

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही? शिंप्याला विचारला, दहा सदऱ्यांत बिघडतात किती. शिंप्याने त्या दिवसापासून त्यांचं माप घेणं सोडलं. हेडमास्तरांनी एकदा शाळेचं घड्याळ अगदी बरोबर असल्याचं जाहीर केलं, तर यांनी ते कोणत्या घड्याळाशी ताडून पाहिलं, आणि ते घड्याळ कशाशी ताडलं, असं करत करत हेडमास्तरांना अशा ठिकाणी नेऊन सोडलं की पहिल्या तासाची घंटा वाजवायची राहूनच गेली. कमलच्या लग्नासाठी पत्रिका पाहायला आलेल्या जोशीबुवांना त्यांनी विचारलं, आजवर जुळवलेल्यांपैकी किती संसार मोडले? बुवांनी पंचांग मिटलं, पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि निघून गेले. शेवटी कमल रोहिणखेडला, साडूंच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरी, तिच्याच मुलाला दिली. "घरचा पोरगा. त्याले काय पारखाचं?" असं साडू म्हणाले, तेव्हा मला नवल वाटलं होतं, कारण माझी सोयरीक ठरत होती तेव्हा मला पारखायला हेच आले होते. तीन वेगवेगळ्या दिवशी येऊन त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, चहा घेता का? मी दोनदा हो म्हणालो आणि एकदा नाही. लग्न झाल्यावर बायकोकडून कळलं की सासऱ्यांकडे त्यांनी माझ्याबद्दल 'पोरगा चांगला, पण पक्कं सांगता येत नाही' असा अहवाल दिला होता.

चुकीचं त्यांचं एक शास्त्रच होतं. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे मधल्या सुट्टीत ते शास्त्र ऐकणं माझ्या नशिबी होतं. "साडूभाऊ, चूक दोन जातीची असते," ते म्हणायचे. "एक खोटी बोंब अन् दुसरी खोटी शांतता. चोर नसताना कुत्रं भुकलं त झोपमोड होते. पन चोर आला अन् कुत्रं झोपेल राह्यलं, त घर जाते. लोक पहिल्या चुकीले हासतात. दुसरी कोनाले दिसतच नाही." मी मान डोलवायचो आणि डबा संपवायचो. खरं सांगतो, त्या काळी मला हा माणूस फार कंटाळवाणा वाटे.

आता इतक्या शंकेखोर माणसाने एका बाटलीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, याला काय म्हणावं? झालं असं की गावातल्या डॉक्टरांनी त्यांना काचेची भांडी गुंडाळायला म्हणून इंग्रजी वैद्यकीय मासिकांची रद्दी दिली. या गृहस्थांनी भांडी तशीच ठेवली आणि डिक्शनरी घेऊन रद्दी वाचून काढली. त्यात एका दुर्मीळ रोगाची माहिती होती. हजारो पोरांत एखाद्याला होणारा. जन्मतः बाळ दिसायला धडधाकट, पण दुधातला एक अंश त्याला पचत नाही; तो अंगात साठत जातो आणि हळूहळू मेंदूचा घात करतो. मूल बसत नाही, बोलत नाही, ओळखत नाही. हा रोग वेळेवर ओळखायची खूण मात्र सोपी होती. बाळाच्या ओल्या दुपट्यावर फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकायचे. डाग हिरवा झाला तर रोग. फेरिक क्लोराइड! ते तर यांच्या कपाटात दुसऱ्या फळीवरच होतं. डॉक्टरांना हसू आलं. "अहो, आपल्या जिल्ह्यात तुम्हाला जन्मात एक सापडायचा नाही," ते म्हणाले. साडू म्हणाले, "थेच त पाहाचं हाय."

तेव्हापासून चिखली आणि आसपासच्या खेड्यांत बारसं म्हटलं की बोलावलं असो-नसो, साडू हजर. बाकीची माणसं झबलं-टोपडं घेऊन यायची, हे तपकिरी बाटली घेऊन. बायका पाळण्याभोवती नाव ठेवायला जमायच्या आणि हे एका कोपऱ्यात ओलं दुपटं शोधत फिरायचे. बाळ जितक्या लवकर भिजवील तितका यांना आनंद. एवढ्या आतुरतेने दुसऱ्याच्या लेकराच्या शूची वाट पाहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. थेंब टाकून, डाग नुसताच पिवळट राहिला की घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकून ते मोठ्याने सांगायचे, "निर्दोष!" आणि वहीत नोंद करायचे. सुरुवातीला लोक बिचकले. मग सवय झाली आणि पुढे पुढे तर आयाबाया स्वतःच म्हणू लागल्या, "गुर्जी, आमच्या पोराले थेंब टाका ना." उलट न टाकता निघाले तर रुसायच्या.

उंद्रीच्या एका बारशाला मात्र डाग पडला काळपट हिरवा. साडूंच्या हातातून बाटली सुटायची राहिली. त्यांनी फक्त "अरे देवा" एवढंच म्हटलं, पण तेवढ्याने घरात रडारड सुरू झाली. बाळाचा आजा काठी घेऊन उठला. मी सोबत होतो म्हणून सांगतो, त्या दिवशी आम्ही दोघं घुगऱ्या न खाता आणि चपला न घालता एस.टी.च्या थांब्यापर्यंत आलो. पण साडूंना चैन पडेना. थांब्यावरूनच ते परत गेले, काठीसमोर उभे राहिले आणि त्याच दुपट्याच्या कोरड्या टोकावर त्यांनी एक थेंब टाकला. तिथेही तोच काळपट हिरवा. बाळाचा काही संबंधच नव्हता! आपल्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी करतात; ते लुगडं होतं आजीचं, हिरड्याच्या पाण्यात भिजवून रंगवलेलं, आणि हिरड्यावर हे औषध पडलं की ते काळवंडणारच. खोटी बोंब! साडूंना इतका आनंद झाला की त्यांनी आज्याला मिठी मारली.

त्यानंतर ते स्वतःचं पांढरं मांजरपाट नेऊ लागले. पण नवं कापड बाळाला लावायला कुठलीच आजी तयार होईना. मग साडूंनी तोड काढली. मांजरपाटाचे पंचे करून ते स्वतः नेसायचे, धुवायचे, पुन्हा नेसायचे, आणि पाच-सहा महिन्यांत कापड रीतसर जुनं झालं की फाडून त्याचे तुकडे पिशवीत भरायचे. माझी मेव्हणी म्हणायची, "लोकाईचे पोट्टे भिजवतात, अन् कापड याईच्या कंबरेचं जाते." हसून हसून आमची पुरेवाट व्हायची.

हसण्याच्या भरात एक गोष्ट आम्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या मासिकात लिहिलं होतं, की खूण पटायला बाळ सहा आठवड्यांचं व्हावं लागतं. त्याआधी रोग असला तरी डाग हिरवा होईलच असं नाही. साडूंनी ते वाचलं होतं. पण सहा आठवड्यांचं बाळ आणायचं कुठून? आपल्याकडे बाळंतीण माहेरी असते ती सव्वा महिना. सव्वा महिना झाला की सासरची माणसं येतात आणि आई-बाळ कुठल्या कुठे पांगतात. बाळ हक्काने हाती लागतं ते बाराव्या दिवशी, पाळण्यात. म्हणून साडू बाराव्या दिवशी थेंब टाकत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याईच्या देशात थंडी. तिथं सगळंच उशिरानं होते. आपल्या उन्हात बाराव्या दिवशी दिसाले काय हरकत हाय?" जगाला दहातून किती चुकतं ते विचारणारा माणूस, आणि स्वतःला मात्र त्याने हे विचारलं नाही. दीड-दोनशे बाळं झाली, एकही हिरवं निघालं नाही, आणि यांची खात्री पक्की होत गेली. चोर कधी आलाच नव्हता, आणि कुत्रं चांगलं आहे असं आम्ही सगळे म्हणत होतो.

कमलला जेठात मुलगी झाली. बारशाला अर्धी चिखली लोटली होती. उज्ज्वला नाव ठेवलं, लाडाचं उजा. साडूंनी नातीच्या दुपट्यावर थेंब टाकला. डाग पिवळट. साडूंनी नात दोन्ही हातांवर उचलली आणि ओरडले, "निर्दोष! माही नात निर्दोष हाय!" सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने पेढे वाटले. चाळिसाव्या दिवशी त्यांची बहीण, आम्ही सगळे अक्का म्हणायचो त्यांना, रोहिणखेडहून न्यायला आल्या. निंदणाचे दिवस होते, घरात माणूस हवं होतं. आणखी दोन-चार दिवस ठेवून घेतलं असतं तर सहा आठवडे भरत होते. साडूंनी स्वतः बाळंतिणीची ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवून दिली.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कमल माहेरी आली नाही. निरोप आला, पोर किरकिर करते, पाठवत नाही. साडू मला म्हणाले, "चाला, आपनच जाऊन येऊ." बुलढाण्याला गाडी बदलून, घाट उतरून आम्ही रोहिणखेडला पोचलो. जुन्या मशिदीपासून चार घरं टाकून अक्कांचं घर. ओसरीवर उजाला उशांना टेकवून ठेवलं होतं. अकरा महिन्यांची पोर, मान सावरत नव्हती. रंग मात्र लखलखीत गोरा, केस मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे पिंगट, आणि अंगाला एक कोंदट वास, उंदीर लागलेल्या कणगीला येतो तसा. गल्लीतल्या बाया तिच्या गोरेपणाचं कौतुक करत होत्या. कमल चुलीपाशी होती. ती इतकी वाळली होती की मी आधी ओळखलीच नाही.

अक्का बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "इतकी गोरी पोर आमच्या खानदानात नाही. पन अजून बसत नाही. मायच्या दुधातच दम नाही, अन् कराची अक्कल नाही. काऊन रे, तूच सांगतलं ना, पोरीत खोट नाही म्हून? मंग खोट कोनात हाय?"

कित्येक महिने कमल हेच ऐकत होती. बापाच्या बाटलीने मुलीला निर्दोष ठरवलं होतं, म्हणजे दोष आईचा, असा साधा हिशोब सगळ्या घराने आणि गल्लीने करून टाकला होता.

साडूंनी पिशवीतून मांजरपाटाचा तुकडा काढला. उजाने तो भिजवेपर्यंत ते तिच्याजवळ मांडी घालून बसले. मग थेंब टाकला. गर्द हिरवा डाग पडला. त्यांनी कोरड्या टोकावर टाकून पाहिलं, तिथे काही नाही. दुसरा तुकडा घेतला, हिरवा. तिसरा घेतला, हिरवा. इतकी वर्षं ज्या रंगाच्या मागे ते खेड्यापाड्यांत हिंडले, तो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कमल लहानपणापासून त्या बाटल्यांमध्ये वाढलेली. तिने चुलीपासूनच विचारलं, "बाबा, हिरवं झालं काय?"

"हाव," साडू म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात उजाला घेऊन आम्ही नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. रोग तोच निघाला. त्यावरचं वेगळं दूध परदेशात होतं, इथे मिळणं कठीण, आणि मिळालं असतं तरी आता फार उशीर झाला होता. परतताना कमल बापाची समजूत घालत होती. "तुमी पयलेच ओळखलं असतं तरी थे दूध आपन कुठून आनलं असतं, बाबा?" साडू म्हणाले, "दूध नसतं आनता आलं, बाई. पन तुले इतके महिने कोनी बोललं नसतं." हे वाक्य मी कधीही विसरणार नाही.

चिखलीला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडू आमच्या दारात उभे. स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच राहिले. माझ्या बायकोला आणि मला समोर उभं करून, वर्गात धडा म्हणावा तसं म्हणाले, "बारशाच्या दिवशी मी तुमाले सांगतलं की माही नात निर्दोष हाय. थे खोटं होतं. मी चुकलो." मी म्हणालो, "भाऊसाहेब, काय हे? चहा तरी घ्या." तर म्हणाले, "नाही. अजून लय घरं बाकी हायेत." ज्या ज्या घरी बारशाचा पेढा गेला होता त्या त्या घरी ते गेले. कुणी समजूत काढली, कुणाला यांना वेड लागलं असं वाटलं, एका घरी तर बाईंना बारसंच आठवेना, तेव्हा यांनी आधी बारशाची आठवण करून दिली आणि मग चूक सांगितली. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मला क्षणभर हसू आलं.

सगळ्यात शेवटचं घर रोहिणखेडचं. तिथे ते मला सोबत घेऊन गेले. एकटं जाववत नव्हतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. ओसरीवर बसायच्या आधीच ते म्हणाले, "अक्का, गल्लीतल्या बायाईले बोलाव." बाया आल्या. भिंतीला टेकून, पदर सावरून उभ्या राहिल्या. जावई खाली मान घालून दारात. कमल उजाला मांडीवर घेऊन बसलेली. साडू बोलले, ते अक्कांकडे पाहून बोलले.

"बाराव्या दिवशी मी म्हनलो पोरीत खोट नाही. त्या दिवशी मले थे दिसूच शकत नव्हतं. कागदात सहा हप्ते लिहेल होतं. मी वाचेल होतं, अन् मी थांबलो नाही. पोरीले जन्मापासून रोग हाय. कमलच्या दुधात खोट नाही. तिच्या करन्यात खोट नाही. तिच्या हातून काहीबी चुकलं नाही. चूक माही हाय, अक्का. तिले आता कोनी बोलू नका."

एक म्हातारी बाई डोळ्यांना पदर लावून निघून गेली. अक्का उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या, आणि पाहुणे, भाऊ, सगळ्यांना ओलांडून पहिली कपबशी त्यांनी सुनेपुढे ठेवली. "गरम हाय तोवर पे," एवढंच म्हणाल्या. कमलने कप उचलला आणि तो तसाच हातात धरून ती रडली. तिला रडताना मी त्या सगळ्या काळात तेवढं एकदाच पाहिलं.

एस.टी.त साडू खिडकीशी बसले होते. घाट लागला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "साडूभाऊ, मी आज बराबर बोललो ना?"

"अगदी बरोबर बोललात."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी इतक्या खात्रीने दुसरं काही सांगितलेलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी वहीतलं एकेक बाळ शोधून काढण्यात घालवली. सुट्टी मिळाली की निघायचे. लेकी ज्या ज्या गावी दिल्या होत्या तिथे जाऊन, आता चालत्या-बोलत्या झालेल्या पोरांवर पुन्हा थेंब. सगळी ठीक होती. तरी 'निर्दोष' हा शब्द त्यांच्या तोंडून मी परत ऐकला नाही. "आज तरी काही दिसत नाही," एवढंच सांगायचे. नव्या बारशांची बोलावणी येत, ती ते हात जोडून परत पाठवत, आणि बाळंतिणींच्या सासरी पत्र टाकत, की पोरीला आणखी आठ दिवस माहेरी राहू द्या. काही सासरे ऐकत, काही ऐकत नसत. जे ऐकत नसत त्यांच्या गावी साडू स्वतः जात.

उजा नऊ वर्षांची होऊन वारली. तोवर दर महिन्याला एकदा साडू रोहिणखेडला जायचे. तिच्याजवळ बसून शाळेतल्या गोष्टी सांगायचे, कोणती परीक्षानळी कुणी फोडली आणि हेडमास्तर काय म्हणाले. कधी कधी मीही जायचो. नागपूरच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, की हिला माणसं ओळखू येत नाहीत, आणि पुढेही येणार नाहीत. मी एकदा चुकून ते बोलून गेलो. साडूंनी मान तिरपी केली. तो हिरवा डाग पडल्यापासून मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं.

"त्याईनं कितीकदा पाह्यलं हिले?" त्यांनी विचारलं.

"एकदाच."

"मंग?" ते म्हणाले. "एकदा पाहून काय कळते, साडूभाऊ?"

मी त्यानंतर मुद्दाम लक्ष ठेवलं. साडूंनी ओसरीवर पाय ठेवून "उजाबाई" अशी हाक मारली, की ती मान वळवायची. मी चारदा पाहिलं, चारही वेळा तिने मान वळवली.